ग्राम्य विनोद आणि भोळा नायक

आमच्या धर्माबादच्या मिरचीबाजारांतून एक फेरी मारली, कीं ठसका लागून डोळ्यांना पाणी येतें. आणि त्याच मिरचीचा ठेचा भाकरीवर आला, म्हणजे मनुष्य आणखी मागून घेतो. मिरची एकच, फरक तो भाकरीचा. ग्राम्य विनोदाचेंही असेंच आहे, असें आमचें मत आहे. आणि तें मत आम्हीं ग्रंथांवरून नव्हे, तर स्वतःच्या फजितीवरून बनविलें आहे.

पुतण्याच्या लग्नाला चार दिवस झाले होते. आदल्या रात्रीं घरांतील सारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसून दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' पाहून पोट धरधरून हंसली होती. दुसऱ्या दिवशीं पंगतींत नवी सूनबाई वाढावयास आली असतां त्याच धर्तीचें एक द्व्यर्थी वाक्य आम्हीं मोठ्या ऐटीनें फेंकलें. कोणी हंसलें नाहीं. पुरुषांनीं पानांत माना घातल्या. सूनबाई हातांतलें भांडें तेथेंच ठेवून आंत गेली. आमच्या वृद्ध आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "अरे, त्याला त्यांतलं कांहीं कळत नाहीं, म्हणून हंसूं येतं. तुला सगळं कळतं."

संस्कृत साहित्यशास्त्रानें ग्राम्यता हा काव्यदोष मानिला आहे. परंतु तो दोष केवळ शब्दांत नसतो, बोलणाराच्या मनांतही असतो, हें आत्याबाईंनीं एका वाक्यांत सांगितलें. १९७१ सालचा 'सोंगाड्या' वसंत सबनीस यांनीं लिहिला व गोविंद कुळकर्णी यांनीं दिग्दर्शित केला. त्यांतील नाम्या पाहा: सैल चड्डी, तिची लोंबती नाडी, आणि मनांत आईचा धाक. तमाशाच्या नादापायीं आई घराबाहेर काढते, तरी तिच्याविषयींची त्याची माया आटत नाहीं. रत्नमालाबाईंनीं उभी केलेली ती आई आणि दादांचा तो मुलगा यांच्यावर आपला जीव आधींच जडलेला असतो. मग नाम्याच्या बोलण्यांतला वाह्यात अर्थ त्याच्या मनांत नसून आपल्या मनांत उगवतो, आणि आपण आपलीच चोरी पकडल्याप्रमाणें हंसतों.

ही युक्ति नवी नव्हे. 'मृच्छकटिकां'तील मैत्रेय खादाड व तोंडाळ आहे. पण दरिद्री झालेल्या चारुदत्ताला तो सोडून जात नाहीं. म्हणून त्याचें सर्व कांहीं आपण पोटांत घालतों.

मात्र प्रेमानें सर्वच खपतें असें नाहीं. नायक जाणता झाला, डोळे मिचकावूं लागला, आणि शेजारची स्त्री त्याच्या वाक्याचें लक्ष्य झाली, कीं भोळेपणा मुखवटा ठरतो. दादांच्याच पुढील कांहीं चित्रपटांत आम्हांस असें वाटलें आहे. 'सोंगाड्यां'त हंसें होतें तें नाम्याचें. दुसऱ्या कोणास मान खालीं घालावी लागत नाहीं.

त्या पंगतीची गोष्ट आम्ही पुष्कळ दिवस 'आमची फजिती' म्हणून सांगत असूं. वरही तसेंच लिहिलें. तें खरें नाहीं. खालीं मान घालून आंत गेली ती सूनबाई. ती पुढें कित्येक दिवस आमच्याशीं मोकळेपणानें बोलली नाहीं. आणि नाम्यावर माया करणाऱ्या त्या घरांत आमच्या वाक्याला कोणी हंसलें नाहीं, याचें कारणही तेंच.