मचाणाचा कोपरा

दुकानात मचाण बघायला आलेला माणूस आधी त्यावर बसून बघतो. ऑगस्ट लागला की विस्कॉन्सिनमधल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानांत जाड लाकडी खांबांना चार-पाच हँग-ऑन मचाणं हातभर उंचीवर टांगून ठेवतात. गिऱ्हाईक येतं, बूड टेकतं, पाठ टेकतं, गादी दाबून बघतं आणि समाधानाने मान डोलावतं. अशा वेळी मला त्याला सांगावंसं वाटतं, की बाबा, बसणं राहू दे, आधी एका पायाने त्या जाळीच्या कोपऱ्यावर उभा राहून बघ.

हँग-ऑन म्हणजे फार काही नसतं. एक उभा दांडा, त्याच्या वरच्या बाजूला घडीची बैठक, खाली पाय ठेवायला लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाळी. जाळीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून दांड्याच्या वरच्या टोकापर्यंत दोन तारदोर, आणि दांडा खोडाला आवळणारा पट्टा. शिडी यात येत नाही. ती वेगळी, हातभर लांबीच्या तुकड्यांची, एकेक तुकडा खोडाला बांधत वर जायचं. धनुष्यबाणाच्या शिकारीत बाण नेमका लागावा तर हरीण वीस-पंचवीस यार्डांत यावं लागतं, आणि तेवढ्या जवळ आलेल्या हरणासमोर जमिनीवरून धनुष्य ओढणं म्हणजे त्याला हाक मारून पळवणं. म्हणून पंधरा-वीस फुटांवर जाऊन बसायचं.

पूर्वी या शिकारीला स्वतंत्र हंगामच नव्हता. विस्कॉन्सिनने धनुष्यबाणाच्या हरणशिकारीला वेगळा हंगाम दिला १९३४ साली, तोही सॉक आणि कोलंबिया या दोनच काउंटींत. इथले निसर्गलेखक ऑल्डो लिओपोल्ड त्या काळचे. आपली धनुष्यं स्वतः घरी तासून करायचे. त्यांची पत्नी एस्टेला महिला तिरंदाजीत राज्याची विजेती होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला ते सांगायला आवडतं, कारण इथल्या दुकानांत आजही मला पहिला प्रश्न येतो तो ‘नवऱ्यासाठी बघताय का?’ हा.

तर कोपरा. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे मचाण दिसलं की मला बैठक दिसत नाही, भार कुठून कुठे जातो ते दिसतं. ऐंशी किलोचा माणूस खोडापासून साठ सेंटिमीटर पुढे उभा आहे, आणि पट्टा दांड्याच्या खालच्या टेकूपासून साठ सेंटिमीटर वर आहे असं धरा. पट्ट्यावर मचाण खोडापासून ओढून काढणारा ताण जवळपास तेवढाच, ऐंशी किलोचा येतो. दांड्याचं खालचं टोक तेवढ्याच जोराने खोडात रुततं. हे सगळं माणूस मधोमध, शहाण्यासारखा उभा असताना. पण शिडीवरून जाळीवर येताना कोणी मधोमध पाय ठेवत नाही. पाय पडतो तो जवळच्या कोपऱ्यावर, एकच, आणि सगळं वजन त्या एका पायावर. तेव्हा दांडा पिळतो. दांड्याच्या खोडाकडच्या दातांपैकी एका बाजूचे सालीत रुततात, दुसऱ्या बाजूचे सुटायला बघतात. खालचा दुसरा पट्टा बांधलेला नसेल तर दांड्याचं टोक बाजूला सरकतं आणि अख्खं मचाण पायाखाली हिसका देतं. वरून पडणाऱ्यांतले बरेचजण असेच चढता-उतरताना, नाहीतर शिडी आणि मचाण यांच्या मधल्या त्या एका ढांगेत पडतात. तासन्‌तास बसून राहणं त्या मानाने सोपं.

म्हणून दुकानात मी कोपऱ्यावर उभी राहते, आणि पाय न उचलता टाचेने जरा हिसका देते. कर्र झालं तर सांध्यात नायलॉनच्या चकत्या आहेत का ते बघते. नसतील तर तो आवाज डिसेंबरच्या उणे दहा अंशांत चौपट होणार आणि हरीण तिथल्या तिथे मान वर करणार. दोन पट्टे आहेत का, की एकच? दांड्याला खोडाकडून दात किती, आणि ते दोन कडांना आहेत की मधेच एका ओळीत? कोटिंग केलेला तारदोर असेल तर त्याची दोन टोकं, जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, ती वाकून बघते. प्लास्टिकचं आवरण दिसायला छान, पण आत पाणी शिरलं की गंज त्याच्या आडच वाढतो. बाहेरून तार नवी दिसते, आतून तिचे धागे एकेक करून गेलेले असतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्त मिळालेलं मचाण म्हणूनच मला नको असतं. दांडा वीस वर्षं टिकेल, तारेचं काय?

लेबलवर तीनशे पौंड लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण १३६ किलो, आणि त्यात जाड कोट, बूट, पाठपिशवी, धनुष्य सगळं आलं. आकडा खरा असतो. इथल्या मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या चाचण्या कडक आहेत. पण तो आकडा मचाणाचा असतो. झाडाचा नव्हे.

झाडाबद्दल इथे गेल्या वीस वर्षांत एक नवी पंचाईत झाली आहे. अ‍ॅश हे सरळ, उंच, फांद्या वर ठेवणारं झाड. मचाणासाठी कोणाच्याही डोळ्यात भरावं असं. २००२ साली मिशिगनमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा पाचूच्या रंगाचा किडा सापडला, २००८ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये पोचल्याचं कळलं, आणि त्यानंतर अ‍ॅश उभ्या उभ्या मरू लागले. मेलेला अ‍ॅश फार लवकर ठिसूळ होतो. पहिल्या वर्षी वरून शेंडा विरळ दिसतो. मग सुतारपक्षी किडे शोधत वरची साल सोलतात, खोडावर फिकट, पिवळसर पट्टे उमटतात. जवळ जाऊन बघितलं तर सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी इवलीशी भोकं असतात, एक बाजू सरळ, एक गोल, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. त्या झाडाला मी धनुष्यसुद्धा टेकवून ठेवत नाही. मला ओक आवडतो, त्यातही पांढरा. मेपलही चालतो. शॅगबार्क हिकरी मजबूत असते, पण तिची साल पापुद्र्यांनी लोंबकळत असते. दात त्या पापुद्र्यात रुततात आणि पापुद्रा सुटला की मचाण दोन बोटं खाली येतं.

उंचीच्या बाबतीत मी इथल्या पुरुषमंडळींशी वाद घालत आले आहे. पंचवीस फुटांवर बसलेला माणूस आपली उंची सांगतानाच फुगतो. पण जितकं वर, तितका बाण वरून तिरपा जातो आणि हरणाच्या फुप्फुसांचं लक्ष्य अरुंद होत जातं. सोळा-सतरा फूट मला पुरतात, मागे दाट फांद्या असल्या की झालं. उरलेल्या फुटांची हौस हरणाच्या काही कामाची नाही.

बैठकीबद्दल बोलायचंच तर एवढंच, की ती बहुधा सहा फुटी माणसासाठी केलेली असते. माझ्या पावणेसहा फुटी नवऱ्याला ती ठीक. मी पाच फूट दोन इंच. पुढची कड मांडीखाली रुतते आणि दोन तासांत पाय बधिर होतात. बधिर पायाने त्या कोपऱ्यावर उतरायचं असतं. म्हणून बैठकीची उंची बदलता येते का, हे मी विचारतेच. गादी मऊ आहे की नाही, ते तेवढं महत्त्वाचं नाही.

आई अमरावतीहून फोनवर हे ऐकते आणि दरवेळी एकच म्हणते, “काहून वं, जमिनीवर बसून होत नाही का?” तिला मी मेळघाटची आठवण करून देते. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी तिथल्या पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिकडे मचाण उरलं ते मोजायला आणि पाहायला. आमचं मचाण वन विभागाच्या माणसांनी बांधलेलं, चार जण मावतील एवढं, सागाच्या बुंध्यांवर. त्यावर चढताना कोणी सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता, आणि आईने तेव्हा काहीही विचारलं नव्हतं. पण ती म्हणते ते अगदीच चुकीचं नाही. इथल्या मचाणावर एकटीने बसायचं असतं, आणि धरायला काही नसतं.

म्हणून निवडीत मचाणाआधी दोर येतो. खोडाच्या बुंध्यापासून बैठकीच्या वर डोक्यापर्यंत एक जाड दोर बांधून ठेवायचा, त्यावर प्रुसिक गाठ. ही गाठ हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की आवळून घट्ट बसते. अंगात घातलेल्या हार्नेसची टेदर, म्हणजे त्याची जोडपट्टी, तिला अडकवली की जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत माणूस मोकळा राहतच नाही, त्या ढांगेतही नाही. टेदर बसल्यावर जेमतेम ताणलेली राहावी एवढी वर हवी. सैल असेल तर पडताना तेवढं अंतर जास्त पडायचं, आणि लोंबकळताना परत जाळीवर पाय पोचत नाही. लोंबकळणं हेही फार वेळ चालत नाही. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, म्हणून खिशात पाय टेकायला एक सुटा पट्ट्याचा फास ठेवते.

शिडीचा वरचा तुकडाही जाळीच्या वर जायला हवा. चढून जाळीवर यायचं नाही, थोडं वर जाऊन खाली जाळीवर उतरायचं. हात तेव्हा शिडीला धरलेले असतात आणि पाय वजनाखाली जातो. धनुष्य मात्र दोरीने नंतर वर ओढायचं, बाणांची पाती झाकलेली.

हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. तो संपला की सगळं खाली. झाड वाढतं, पट्टा वाढत नाही; खोडावर वर्षभर ठेवलेला पट्टा आतल्या आत ताणला जातो. शिवाय उन्हाने धागे कुजतात, खारी तर मीठ लागल्यासारखा पट्टा कुरतडतात. मी प्रत्येक पट्ट्यावर मार्करने खरेदीचं वर्ष लिहिते आणि दोन हंगामांनंतर तो टाकते. हार्नेस बनवणारे पाच वर्षांनी तो बदला म्हणतात, आणि तो घालून एकदा पडलं तर लगेच. जुना हार्नेस नुसता कचऱ्यात टाकला तर रस्त्याकडेचा कोणीतरी ‘चांगला दिसतोय’ म्हणून उचलून नेतो. शेजारच्या आजोबांनी नातवासाठी मागितलाही होता. मी तो आधी कात्रीने खांद्यापाशी आणि मांडीपाशी तोडते, मग टाकते. आजोबांना दुकानाचा पत्ता दिला.