आधी कंट्रोलर, मग मोटर

दारव्ह्याहून भाच्याचा फोन. "मामा, तीन किलोवॅटची मोटर घेऊ का पाचची?" पठ्ठ्या डिप्लोमाला आहे. मित्रांबरोबर शंभर मीटर सरळ पळवायची छोटी इलेक्ट्रिक गाडी बनवतोय, आणि भाऊजींनी सोयाबीनच्या पैशातून थोडे दिलेत. थोडेच.

ड्रॅग रेस म्हणजे काय हे आमच्या यवतमाळकडे समजवावं लागत नाही. शंकरपट तोच की! वळण नाही, सरळ रेषा आणि घड्याळ. (2014 ते 2021 बंदी होती, पण ते असो.)

आता आकडेमोड. गाडी अधिक चालक 200 किलो धरा. 100 मीटर 10 सेकंदांत, वेग एकसारखा वाढत गेला तर शेवटी ताशी 72 किलोमीटर, आणि चाकांवर 8 किलोवॅट. हवा, घर्षण वेगळं. मग 3 ची मोटर पुरेल? बऱ्याचदा पुरते! मोटरवरचा आकडा असतो तासन्‌तास चालवण्याचा. बैल दिवसभर किती नांगरतो यावरून पटाची जोडी कोण निवडतं? तिप्पट करंट दिला तर गुंडाळीत नऊपट उष्णता होते, पण तांब्या-लोखंडाचा तो जड गोळा तापेपर्यंत शर्यत संपलेली असते. कंट्रोलरमधल्या मॉस्फेटला ही सवलत नाही. नखाएवढं सिलिकॉन, मिलिसेकंदांत खलास.

म्हणून पैसे कंट्रोलरमध्ये घाल म्हटलं. त्यावर दोन अँपिअर असतात, बॅटरीचे आणि फेजचे, आणि विकणारा मोठा तेवढा सांगतो. सुटताना बॅटरीतून 60 घेऊन कंट्रोलर मोटरला 250 देऊ शकतो, आणि गाडीला धक्का या 250 मुळे बसतो. पुढे वेग वाढला की मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. तिथे ई-रिक्षाची 48 व्होल्टची मोटर दमते. 72 वर तीच दीडपट फिरते. फक्त 20 सेलचा लिथियम पॅक पूर्ण चार्ज झाला की 84 व्होल्ट असतो, कंट्रोलरला तेवढे झेपतात का बघायचं.

राहिली भीतीची गोष्ट. मॉस्फेट शॉर्ट झाला तर ब्रशवाली मोटर पाय काढला तरी पूर्ण जोराने पळते. तिथे लाल बटण आणि कॉन्टॅक्टर हवाच. बीएलडीसीचं उलटं, ती ब्रेकसारखी धरते, आणि बॅटरी तोडूनही सोडत नाही. 70 च्या वेगात मागचं चाक अडकलं तर? म्हणून मधे मजबूत फ्रीव्हील. हे दोन्ही घेऊन जे उरेल त्यात मोटर, जुनी मिळाली तरी चालेल.