उतरायचं कुठे?

सोलापूरहून मुंबईला निघायचं ठरलं की आमच्या घरात तिकिटाआधी एकच विषय निघायचा: उतरायचं कुठे? सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटते, पहाटे पोचते, त्यात ठरवण्यासारखं काही नसायचं. पुढचं सगळं मात्र बॅगा कुणाच्या दारात टेकणार यावर अवलंबून असायचं.

लहानपणी ते दार गिरगावातलं होतं. ठाकुरद्वारजवळच्या एका चाळीत आत्याच्या दीड खोल्या होत्या. त्यातच आत्याची पाच माणसं आणि आम्ही पाहुणे. नळाला पाणी भल्या पहाटे यायचं, म्हणून सगळी चाळ अंधारातच उठायची. पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज वर चढत चढत बारीक होत गेला की पिंप भरत आलंय हे अंथरुणातही कळायचं. आत्या हाक मारायची, "उठा गं पोरींनो, चौपाटीवर जाऊन या, मग ऊन होतं." राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे हे सगळं आम्ही पाहिलं, पण ते कुठेही राहून पाहता आलं असतं. १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळ आत्याच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती आणि तिथले लोक सकाळी आमच्यासारखेच दुधाची बरणी घेऊन बाहेर पडताना दिसायचे. हे मात्र तिथे राहिल्यामुळेच पाहायला मिळालं. शहराचा मधला दिवस सगळ्यांना सारखाच मिळतो. पहाट आणि रात्र ज्या वस्तीत मुक्काम असेल तिची असते. पुढे जिथे जिथे राहिले तिथे तिथे हे मला पुन्हा पुन्हा पटत गेलं.

मग आत्याचं घर डोंबिवलीला गेलं, गिरगावातली इतर कितीतरी घरं गेली तसंच. तिथून सीएसएमटी जवळजवळ ५० किलोमीटर. कामासाठी मुंबईला यायचं म्हणजे सकाळच्या फास्ट लोकलला लटकायचं, संध्याकाळी त्याच गर्दीतून परतायचं. बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या बायका तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. घरी पोचेपर्यंत त्यांची भाजी निवडून झालेली असायची. त्या प्रवासानं मला मुंबईच्या गर्दीची दिशा शिकवली. सकाळी ती दक्षिणेला वाहते, संध्याकाळी उत्तरेला. पाहुण्याला निवड करता येत असेल तर त्यानं दक्षिणेला राहावं आणि उलट्या दिशेनं फिरावं.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, घशाला गाठ निघाली तेव्हा ही सगळी निवडच वेगळी झाली. परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं होतं. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांकडे मुंबईत टेकायला जागा नसते. रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर मी पिशव्या उशाला घेऊन झोपलेली कुटुंबं पाहिली आहेत. जवळच्या एका लॉजवर आजाराचं नाव ऐकताच खोली शिल्लक नाही असं सांगण्यात आलं. आत्याचा आग्रह होता, "दादा, घर असताना बाहेर कशाला?" पण रेडिएशनच्या शेकानंतर थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येणाऱ्या माणसाला रोज डोंबिवलीहून आणायचं कसं?

शेवटी दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, हे शाळेत वाचलं होतं. त्या कशासाठी होत्या हे तिथे समजलं. आमच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, त्याची आई रोज सकाळी अण्णांना विचारायची, "काका, आज गिळता येतंय का?" जळगाव, बीड, कुठून कुठून आलेली माणसं एकमेकांना फाइल कुठल्या खिडकीवर द्यायची, पेज कशी पातळ करायची ते सांगत. शहराच्या कुठल्याच नकाशावर ती माहिती नसते. अण्णा झोपले की मी स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला जायची. केशवसुत पुलाजवळचा फूलबाजार पहाटे चारलाच भरलेला असायचा. ओल्या पोत्यांवर झेंडूचे ढीग, आणि मुंबईभरच्या देवांसाठी हार निघालेले. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग भेटतात म्हणून सगळे दादर सुचवतात. मी दादर सुचवते ते मात्र त्या धर्मशाळेतल्या माणसांमुळे.

अलीकडे मुलीला घेऊन फोर्टात राहिले, मुद्दाम शनिवार-रविवार धरून. रविवारी सकाळी तिथे ऑफिसं बंद, रस्ता मोकळा. मान वर करून सीएसएमटीच्या भिंतीवरचे दगडी प्राणी आणि पानंफुलं निवांत पाहता येतात. एरवी तिथे थांबलं की मागून धक्का बसतो. मुलीला गिरगावही दाखवलं. आत्याची चाळ आता नाही, आणि भुयारी मेट्रोला गिरगाव नावाचं स्थानक झालंय.

हल्ली खोली फोनवर ठरते. नकाशावर ठिपका दिसतो, त्याखाली किलोमीटर लिहिलेले असतात. मुंबईत किलोमीटर विचारू नका. कुठली लाइन, सकाळी कुठल्या दिशेला जायचं, आणि बरोबरचा माणूस किती चालू शकतो, एवढं विचारा. हिंडायला येणार असाल तर फोर्ट नाहीतर गिरगाव पाहा. आजारी माणसाला घेऊन येणार असाल तर लॉजचे पैसे आगाऊ भरण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी जरूर करा आणि नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी दादर-परळ सोडून लांब उतरू नका.