अम्मीचा रोजा आणि मेंदूची साखर

शुगरचा आजार म्हटलं की आपल्या घरांत पायाची जखम, डोळे आणि किडनी यांचीच चर्चा होते. डोक्याचं कुणी बोलत नाही. वास्तविक शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. आणि त्याचं मुख्य अन्न म्हणजे रक्तातली साखर.

माझी अम्मी बासष्ट वर्षांची. दापोलीकडची, आता आमच्यासोबत मीरा रोडला नयानगरमध्ये राहते. आठ वर्षांपासून इन्सुलिन घेते. गेल्या रमजानमध्ये तिसऱ्या-चौथ्या रोज्यापासून असर झाली की तिचा स्वभावच बदलायचा. क्षुल्लक कारणावरून चिडायची, मला माझ्या खालाच्या नावाने हाक मारायची, एकदा तर नमाज पढली की नाही हेच तिला आठवेना. भाऊ म्हणाला, "रोज्यात माणूस चिडतोच." मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ते पटेना. एका दुपारी तिचं बोट टोचून मशीन लावलं. आकडा आला अठ्ठावन्न.

सत्तरच्या खाली गेलं की रोजा सोडायचा, असं डॉक्टर सांगतात. तीनशेच्या वर गेलं तरी तेच. अम्मी म्हणाली, "दोन तासांवर मगरिब आहे, आता काय सोडू?" मी साखरपाणी पुढे केलं, तिने तोंड फिरवलं. शेवटी अब्बांनी ग्लास हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे, आपण कोण नाकारणारे?" तेव्हा ती प्यायली. पाव तासात मला माझ्या नावाने हाक मारली.

असं का होतं, हे मी नंतर वाचत बसले. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांची खिदमत करणाऱ्याही असतात. त्यातल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. त्यांचा एक हात रक्तवाहिनीला लपेटलेला आणि दुसरा विचार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचलेला. रक्तातली साखर आत घेणं आणि पुढे पोहोचवणं यात त्यांचा मोठा वाटा. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईसारखंच म्हणा ना.

आपल्या स्नायूंचे दरवाजे इन्सुलिन आल्यावर जास्त उघडतात. मेंदूचे दरवाजे मात्र बहुतांशी उघडेच असतात, म्हणून मेंदूला इन्सुलिनशी देणंघेणं नाही असं कित्येक वर्षं मानलं जायचं. 2016 साली म्युनिकच्या संशोधकांनी उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. या तारापेशींवरची इन्सुलिन ओळखणारी जागा काढून टाकली, तर रक्तात साखर वाढली तरी मेंदूत ती नीट पोहोचत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे इन्सुलिन तिथेही बोलतं, पण या पेशींच्या कानात. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू करू नये, हे मी माझ्या मुलांनाही सांगते. तरी गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

अम्मीच्या बाबतीत अडचण वेगळी होती. दरवाजे कितीही उघडे असले तरी रक्तातच साखर नसेल तर आत काय जाणार? निरोगी माणसाचं इन्सुलिन उपाशीपोटी आपोआप कमी होतं, ग्लुकागॉन नावाचं हार्मोन यकृतातली साठवण बाहेर काढतं, आणि रोजा सुखरूप पार पडतो. टोचून घेतलेलं इन्सुलिन कमी होत नाही. पोट रिकामं आहे हे त्याला कळतच नाही. तारापेशींकडे साखरेची थोडी शिल्लक असते, संकटात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ती मोडायला लावतं, पण ती शिल्लक फार वेळ पुरणारी नव्हे. थरथर, घाम, धडधड या खुणाही जुन्या रुग्णात बोथट होतात. मग पहिली खूण दिसते ती बोलण्यात आणि वागण्यात, आणि घरचे म्हणतात रोजा लागलाय.

बोट टोचून तपासल्याने रोजा तुटतो, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. बहुतेक उलेमांच्या मते तुटत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनीही अम्मीला हेच सांगितलं, आणि डॉक्टर मनाई करत असतील तर फिदया द्या असंही सांगितलं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. चाळीस वर्षांत तिचा रोजा आजारपणामुळे कधी सुटला नव्हता. ते दुःख मशीनच्या आकड्याने कमी होत नाही, आणि आम्ही तिला समजावायलाही गेलो नाही.

यंदा शाबान लागताच ती आपण होऊन डॉक्टरांकडे चल म्हणाली. इन्सुलिनचे डोस आणि तिचं वय पाहून त्यांनी या वर्षीही नकोच म्हटलं. सहरीला मात्र ती सगळ्यांच्या आधी उठते, भाकऱ्या तीच थापते. फिदयाचा हिशेब वहीत स्वतःच्या हाताने लिहिते, एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण. आणि असरनंतर अब्बा गप्प गप्प दिसले की म्हणते, "यांचंही बोट टोचून बघ गं."