नांदेड–लातूर : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

नांदेडचा श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ आणि लातूरचा विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर, म्हणजे ६७ सागरी मैल आहे. पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची ही लांबी होय. दोन्ही शहरांमधला रस्ता साधारण १४५ किलोमीटरचा आहे.

हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढता येते. प्रस्तुत लेखकाची मुलगी अकरावीसाठी लातूरला राहत होती. तिला भेटायला गेल्यावर एका रविवारी हे गणित दोघांनी मिळून वहीत सोडवले. दोन विमानतळांच्या अक्षांशांत ४६ मिनिटांहून थोडा अधिक फरक आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८६ किलोमीटर येते. रेखांशांतला फरक ५१ मिनिटांचा आहे. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे मराठवाड्यात रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७५ किलोमीटरच भरते आणि पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ९० किलोमीटर होते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजे हवाई अंतर. एवढ्या कमी अंतरात पृथ्वीची वक्रता हिशेबात फारसा फरक पाडत नाही.

ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर-७२ विमानाला हे अंतर कापायला १५ मिनिटे पुरतील. मात्र धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून उतरणे हे धरले तर ३० ते ३५ मिनिटे लागतात. दारापासून दारापर्यंतचा वेळ याहून बराच मोठा असतो. विमानतळावर तासभर आधी पोहोचावे लागते. शिवाय लातूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला सुमारे १२ किलोमीटरवर, म्हणजे नांदेडकडून येणाऱ्याला शहराच्या पलीकडे आहे. सगळे मिळून अडीच तासांच्या वर जातात.

प्रस्तुत लेखकाच्या त्या वर्षातल्या फेऱ्यांच्या वेळी दोन्ही शहरांत थेट विमानसेवा नव्हती. प्रवास एसटीनेच झाला. सकाळी सातला नांदेडहून निघालेली गाडी लोहा, अहमदपूर, चाकूर घेत साडेदहाच्या सुमारास लातूरला पोहोचे. लेकीसाठी घेतलेला डबा तोवर जेमतेम कोमट राही. नांदेडपेक्षा लातूर सुमारे अडीचशे मीटर उंचावर आहे. बालाघाटाच्या पठारावर चढताना खिडकीतून येणाऱ्या हवेतला फरक जाणवतो. रेल्वेचा मार्ग पूर्णा, परभणी, परळी वैजनाथ, लातूर रोड असा वळशाचा असल्याने रस्त्यापेक्षा लांब पडतो.

म्हणजे या अंतरावर विमानाने वाचणारा वेळ जेमतेम तासाभराचा आहे. अंतर वाढले की विमानाचा फायदा वाढतो, कारण विमानतळावर जाणारा वेळ तेवढाच राहतो. उडान योजनेतील पहिल्या सेवांपैकी एक, २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेली नांदेड–हैदराबाद सेवा, याच्या जवळजवळ दुप्पट हवाई अंतराची होती. लेकीच्या भेटीपुरती मात्र सात वाजताची एसटी सोयीची ठरली.