हातातला फुगा
(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आजीचे डोके सारखे दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूचा एम. आर. आय. काढून आणायला सांगितले. तिला घेऊन काका आणि मी गेलो. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायलाही भिणारी आमची आजी! तिला त्या अरुंद बोगद्यात सरकवले, आत खडखडाट सुरू झाला, आणि ती मोठ्याने ओरडू लागली, "मला बाहेर काढा रे!" तिथला माणूस वैतागला. "आजी हलतात, चित्र बिघडतं," म्हणाला. शेवटी इंजेक्शन देऊन तिला झोपवले आणि काम उरकले. एक बारीकसा डाग दिसला. "घाबरण्यासारखं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू," असे डॉक्टर म्हणाले.

आम्हाला हायसे वाटले. आजी मात्र दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी ताक घुसळता घुसळता म्हणाली, "मला कुणी विचारलं का रे? गाठोडं ढकलावं तसं ढकललंत." मला उत्तर सुचले नाही.

पुढे कॉलेज सुरू झाले. एके दिवशी तासाला सरांनी मेंदूच्या चित्रणाचा विषय काढला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात, आणि तेवढा फरक यंत्राला टिपता येतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हे १९९० मध्ये दाखवून दिले, ते भूल दिलेल्या उंदरांवर. "पण भूल दिली की रक्तवाहिन्या आणि मज्जापेशी दोन्हींचं वागणं बदलतं," सर म्हणाले. "झोपलेल्या घरात डोकावून घरातली माणसं दिवसा कशी वागतात हे कसं कळणार? म्हणून प्राणी जागा हवा."

जागा हवा, आणि हलायलाही नको! मला एकदम आजी आठवली.

तास संपल्यावर मी सरांना गाठले. त्यांनी वाचायला दिलेल्या कागदांतून समजले ते असे. जाग्या उंदराचे चित्र घ्यायचे तर त्याचे डोके एका चौकटीत पक्के बसवतात आणि अंग नळीसारख्या साच्यात आवळून ठेवतात. आधी काही दिवस रोज थोडा थोडा वेळ त्याला तसे ठेवतात आणि यंत्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकवतात. हृदयाचे ठोके, श्वास, रक्तातले ताणाचे संप्रेरक मोजतात. हे आकडे खाली आले की उंदराला सवय झाली असे धरतात.

'सवय' या शब्दापाशी मी अडखळलो. अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये केलेला प्रयोग आम्हाला अभ्यासाला आहे. काही केले तरी न टळणारे विजेचे झटके ज्या कुत्र्यांना बसले, त्यांतली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही उठेनात, पडून राहिली. शांत तीही दिसत असतील. उंदराची शांतता त्याच जातीची आहे असे मी म्हणत नाही. पण शांत बसणे म्हणजे राजी असणे नव्हे, एवढे त्या धड्याने मला शिकवले आहे.

त्याच कागदांत एक निराळी हकिकत सापडली. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील ग्रेगरी बर्न्स यांच्या घरी कॅली नावाची काळी, लहानखुरी कुत्री होती. निराधार प्राण्यांच्या आसऱ्यातून आणलेली. तिला भूल न देता आणि न बांधता यंत्रात निजवता येईल का, असा प्रश्न त्यांनी मनात धरला. घरीच खोटे यंत्र तयार केले. त्यात चढायचे, हनुवटी टेकायची, कानांवर आवाज अडवणारे आच्छादन चढवू द्यायचे, हे सारे खाऊ आणि शाबासकी देत तिला हळूहळू शिकवले. कॅली आणि मॅकेन्झी या दोन कुत्र्यांचा वृत्तान्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताची एक खूण म्हणजे खाऊ मिळणार, दुसरी म्हणजे नाही. खाऊची खूण दिसताच मेंदूतला, आपल्याही मनात सुखाची अपेक्षा जागी झाली की कामाला लागणारा भाग उजळला.

पण त्या उजळलेल्या भागापेक्षा मला मोठी वाटली ती एक साधी अट. लहान मुलांसाठी असते त्या धर्तीवर त्यांनी संमतिपत्र केले. सही मालकाची, पण हक्क कुत्र्याचा : नकोसे वाटले की त्याने उठून चालू लागावे. यंत्राचे तोंड उघडेच होते.

हे वाचून मी उंदरांची बाजू घेऊन सरांशी वाद घालायला गेलो. सरांनी शांतपणे विचारले, "तुझ्या आजीच्या गोळ्या आधी कुणावर तपासल्या असतील?" मी गप्प झालो. आजी बरी व्हावी असे मला वाटते, आणि तिच्यासाठी कुणाला तरी चौकटीत बसावे लागले असणार हेही खरे. सगळे प्रयोग बंद करा असे म्हणण्याचा धीर मला होत नाही. मात्र जो बांधतो त्याने आपण बांधतो आहोत हे विसरू नये, 'सवय' या शब्दाआड ते झाकू नये, आणि जिथे दार उघडे ठेवता येईल तिथे ते ठेवण्याचे कष्ट घ्यावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बर्न्स यांनी कॅलीसाठी महिनेच्या महिने घेतले. आम्ही आजीसाठी दहा मिनिटे घेतली नव्हती.

दिवाळीनंतर पुन्हा जायचे ठरले, तेव्हा मी आठवडाभर आधी सुरुवात केली. त्या यंत्राचा आवाज मोबाइलवर ऐकवला. "हे तर गिरणीसारखं वाजतंय," आजी म्हणाली. कॉटखाली डोके घालून निजण्याची तालीम झाली, धाकट्या बहिणीला हसू आवरेना. त्या दिवशी तिथल्या बाईंनी आजीच्या हातात एक रबरी फुगा दिला आणि सांगितले, "आजी, नको वाटलं की हा दाबा. लगेच बाहेर काढते." मागच्या वेळीही तो तिथे असणारच; कुणी तिच्या हातात दिला नव्हता.

बाहेर बाकावर बसून मी तो खडखडाट ऐकत होतो. सुमारे अर्ध्या तासाने आजी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली.

"फुगा दाबलास का ग?" मी विचारले.

"नाही बाबा," पदर सारखा करीत ती म्हणाली, "पण हातात होता ना!"