शिबिर संपल्यानंतर

मे महिना आला की वसई परिसरातील आम्हां धर्मगुरूंची मोठी धांदल उडते. लग्नविधी एकामागून एक चालू असतात आणि त्यातच परीक्षांतून मोकळ्या झालेल्या मुलामुलींचे निवासी शिबिर भरवायचे असते. पाच दिवस, चाळीसएक मुले. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद होतात. आत कोणी सख्खा आप्तच कोंडला असावा, अशा नजरेने मुले त्या पेटीकडे पाहत राहतात.

शेवटच्या रात्री पवित्र साक्रामेंताची आराधना असते. दिवे मालवलेले, वेदीवर मेणबत्त्या, कोपऱ्यात हलक्या हाताने वाजणारी गिटार. मुले रडतात. एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून रडतात. दुसऱ्या दिवशी न्यायला आलेले पालक आम्हांला बाजूला घेऊन विचारतात, “फादर, काही फरक पडला का हो?” त्या अश्रूंना आम्ही कधी हसत नाही, पण त्यांची मोजदादही करीत नाही. पंधराव्या वर्षी डोळे लवकर भरून येतात आणि लवकर कोरडेही होतात.

बारा वर्षांच्या येशूची कथा या संदर्भात आम्हांला नेहमी आठवते. यरुशलेमच्या मंदिरात तो गुरुजनांमध्ये बसला होता, ऐकत होता, प्रश्न विचारीत होता. आम्ही प्रवचनांतून या प्रसंगाचे कौतुक करतो आणि तेथेच थांबतो. संत लूक मात्र थांबत नाही. तो मुलगा आईवडिलांबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, असे तो पुढे सांगतो. वाढीची गोष्ट येते ती घरी परतल्यानंतर! मंदिरातले दिवस तीन, आणि नाझरेथची वर्षे त्यानंतर जवळजवळ अठरा.

पोप फ्रान्सिस यांनी तरुणांसाठी लिहिलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’ या बोधपत्रावर २५ मार्च २०१९ रोजी स्वाक्षरी केली, ती इटलीतील लोरेतो येथे. नाझरेथचे पवित्र घर तेथे जतन केले आहे, अशी ख्रिस्तसभेत जुनी श्रद्धा आहे. याच पत्रात पोपमहाशय त्या यरुशलेम-यात्रेतील काफिल्याकडे आपले लक्ष वेधतात. मुलगा सोबत नाही हे मरिया व योसेफ यांना दिवसभर उमगले नाही, कारण तो नातलगांत, गावकऱ्यांत मिसळलेला असेल, याची त्यांना खात्री होती. आमच्या धर्मग्रामांत असा काफिला उरला आहे का, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. दृढीकरणाचा संस्कार झाला की कित्येक मुले चर्चचा निरोपच घेतात. शिबिरात देव भेटला असे सांगणाऱ्या मुलाला जूनमधल्या रविवारी नाव घेऊन हाक मारणारे कोणी नसेल, तर त्या पाच दिवसांचे काय होणार?

शिबिरात आम्ही एक प्रश्नपेटी ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मिस्सा कंटाळवाणी का वाटते, दुसऱ्या धर्माच्या मुलावर प्रेम बसले तर पाप का, असे प्रश्न दरवर्षी निघतात आणि त्यांवर चर्चाही रंगते. काही वर्षांपूर्वी मात्र एक चिठ्ठी निघाली. (मायलेकींच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.) ‘आमच्या घरी रोज जपमाळ होते. मग बाबा पितात आणि मम्मीला मारतात. देव कोणाची प्रार्थना ऐकतो?’

सभागृह गप्प झाले. आम्ही एवढेच म्हणालो, की मारणाऱ्या हाताच्या बाजूला देव नाही, आणि मार सोसणे ही देवाची इच्छा आहे असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. जिने वा ज्याने हे लिहिले असेल, त्याच्यासाठी आमचे दार उघडे आहे. त्या शिबिरात कोणीही आले नाही. शेवटच्या रात्री सारे रडले, तशी तीही रडली असेल. आम्हांला काय कळणार?

जुलैत, भर पावसात, एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. छत्रीचे पाणी ओटीवर निथळत होते. दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंनी तिला वर्गात मदतीला घेतले होते. पाच रविवार ती लहानग्यांच्या वह्या गोळा करीत होती आणि सहाव्या रविवारी बाईंशी बोलली होती. शिबिराचे नावही तिने काढले नाही. “फादर, ती चिठ्ठी माझी होती,” असे म्हणून तिने स्वतःचे नाव सांगितले, वडिलांचेही सांगितले. त्या चिठ्ठीवर अक्षरे वाकडी काढली होती, ओळखू येऊ नयेत म्हणून. आता ती सरळ आमच्याकडे पाहून बोलत होती.

देव कोणाची प्रार्थना ऐकतो, हे तिने पुन्हा विचारले नाही. थोडा वेळ ती छत्रीची मूठ फिरवीत बसली. मग म्हणाली, “मम्मीला घेऊन आले तर चालेल का? ती बाहेर फाटकापाशी उभी आहे.”